गच्चीवरची येळवस

माझ्या पोटात उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या जरा आत, माझ्या अक्काची किडनी आहे. हे मी कुणालाही सांगतो. रिक्षावाल्याला सांगतो, भाजीवालीला सांगतो, बँकेत रांगेत पुढं उभा असलेल्या माणसाला सांगतो. बायको म्हणते, "अवो, नाव-गाव सांगायच्या आधी किडनी सांगायलाव तुमी." सांगणारच. लोक चारचाकी घेतली की सांगतात, फ्लॅट घेतला की सांगतात. माझ्याकडं सांगण्यासारखं हेच आहे.

मी गुलबर्ग्याच्या एका पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, भौतिकशास्त्र शिकवतो. स्वभावानं तिरसट आहे, असं विद्यार्थी म्हणतात आणि ते खरं आहे. माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या तेव्हा तर मी घरात कुणाला बोलूच देत नव्हतो. अक्का माझ्याहून बरीच मोठी, मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत कडेवर घेऊन फिरलेली, मादन हिप्परग्याला दिलेली. घरी तूर आणि ज्वारीची शेती. ती बोलते मराठीत, शिव्या देते कानडीत आणि बाजारात भाव करते दखनी उर्दूत. ती एक दिवस आली, माझ्या पलंगाजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "तम्मा, माझ्याकडं दोन हाईत. एक घे." तूरडाळीचं गाठोडं द्यावं तशा सुरात म्हणाली. मी नाही म्हणालो, तर कानडीत सुरू झाली. मग मी गप्प बसलो.

हैदराबादला ऑपरेशन झालं. अक्का गुंगीतून बाहेर आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "मोटार चालू झाली का?" दाजी, म्हणजे तिचे यजमान, मोजून बोलणारे. ते म्हणाले, "पानी पडायलंय म्हनं." माझ्या पलंगाला लावलेल्या पिशवीत लघवी पडत होती, त्याबद्दल हे चाललं होतं. विहिरीला पाणी लागल्यावर घरात जसा आनंद होतो तसा त्या वॉर्डात झाला. परिचारिकेला वाटलं ही माणसं शेतातल्या मोटारीचं काहीतरी बोलताहेत.

घरी आल्यावर बायकोचं राज्य सुरू झालं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की अक्काची किडनी माझ्या शरीराला परकी आहे, शरीर तिच्यावर धावून जाणार. ते होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. आणि ती दाबली, की कुठलाही आजार सहज आत शिरणार. म्हणून गर्दीत जायचं नाही, कच्चं खायचं नाही, शेतात जायचं नाही, माती आणि धूळ लांब ठेवायची. बायकोनं हे सगळं ऐकलं आणि त्यात स्वतःची भर घातली. कुंड्या शेजाऱ्यांना दिल्या. खिडकीत येणाऱ्या कबुतरांशी तिचं वैरच जुंपलं. चपला फाटकाबाहेर, पाहुणे व्हरांड्यात, आणि मी घरात मास्क लावून.

गंमत म्हणजे मी खूश होतो. त्या गोळ्यांमध्ये स्टेरॉइड असतं, त्यानं गाल फुगतात, भूक लागते आणि माणूस बोलत सुटतो. मी, ज्यानं वर्गात कधी विनोद केला नाही, तो गॅसवाल्याला थांबवून गुरुत्वाकर्षण समजावून सांगत होतो. डॉक्टर म्हणाले, हा गोळ्यांचा परिणाम आहे. असेल. पण जिवंत असल्याचाही थोडा असावा.

तेवढ्यात येळवस आली.

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्या भागात, म्हणजे लातूर-उदगीरपासून बिदर-गुलबर्ग्यापर्यंत, मार्गशीर्षातल्या या अमावस्येला घरात कुणी राहत नाही. सगळे शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून झोपडीसारखी छोटी कोप बांधायची, आत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, पूजा करायची. मग डाळी, ओल्या शेंगा आणि सगळ्या पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि ज्वारीच्या पिठाची ताकात आंबवलेली अंबील. कोपीभोवती अंबील शिंपडत फिरायचं आणि "ओलग्या ओलग्या" ओरडायचं. त्याचा अर्थ कुणाला माहीत नाही आणि कुणी विचारतही नाही. आणि वाटेनं जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख असो-नसो. त्या दिवशी गुलबर्गा शहर असं रिकामं होतं की चौकात झोपलं तरी कुणी उठवणार नाही.

मी जन्मात एकही येळवस चुकवली नव्हती. फोनवर अक्कानं विचारलं, "कामून तोंड पाडायलास?"

म्हटलं, "शेतात जाऊ नको म्हनलेत."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. अक्का एका शब्दात फोन ठेवते तेव्हा काहीतरी शिजतंय हे मला कळायला हवं होतं.

येळवसच्या सकाळी फाटकाशी दाजींचा टेम्पो थांबला. वर ताडपत्री. ताडपत्रीखाली कडब्याच्या पेंढ्या, चुन्याचे पाच दगड, भज्जीचं पातेलं, घोंगडीत गुंडाळलेली अंबिलाची बिंदगी, म्हणजे मातीची घागर, आणि या सगळ्याला धरून बसलेली अक्का. बायको फाटकात आडवी आली. "अक्का, ह्यांला शेतात न्यायचं न्हाई वो. डॉक्टरांनी सांगितलंय."

अक्का टेम्पोतून उतरली. पदर सारखा केला. "शेतात जाऊ नको म्हनले. शेत येऊ नको म्हनले का?"

माझी बायको वादात हरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

आणि अक्कानं काळजी घेतली नाही असं कुणी म्हणू नये. तिनं आधी आमच्या न्हाणीत अंघोळ केली, धुतलेली साडी नेसली, कपाळाला विभूती लावली, कोपरापर्यंत सॅनिटायझर चोळला. जिना पुसून घेतला. कडबासुद्धा तिनं निवडून आणला होता. गंजीच्या वरच्या पेंढ्यांवर धूळ आणि पाखरांची घाण असते, म्हणून तिनं दाजींना गंज उपसायला लावून अगदी पोटातल्या पेंढ्या काढल्या होत्या. आतल्या म्हणजे स्वच्छ. दाजी अर्धा दिवस उपसत होते. आणि डॉक्टर धूळ नको म्हणाले होते, म्हणून गच्चीवर आल्यावर तिनं एकेक पेंढी कठड्यावर आपटून झटकली. माझ्यासमोर. मला दाखवून. "बघ, किती साफ करायलेय मी."

पेंढ्यांमधून हिरवट काळा धुरळा निघाला. पावसाळ्यात गंजीत पाणी मुरलं होतं, त्याचा जुना ओलसर वास आला. उन्हात तो धुरळा तरंगत होता आणि मला फार छान वाटत होता. उंडा खायला मास्क खाली ओढला होता तो तसाच हनुवटीवर. मी खोकलो, शिंकलो आणि हसत राहिलो. बायको खाली भज्जी परत उकळत होती, कारण तिच्या हिशेबात एकदा उकळलेलं काहीच शिजलेलं नसतं.

कोप उभी राहिली. पांडव बसले. अंबील मला बंद, म्हणून बायकोनं अंबिलाच्या पेल्यात कोमट दूध दिलं आणि मी ते डोळे मिटून अंबील समजून प्यायलो. आम्ही चौघं गच्चीवर "ओलग्या ओलग्या" ओरडत कोपीभोवती फिरलो, दाजीसुद्धा, आणि बायकोचा पाय अंबिलावरून घसरला तेव्हा ती बसल्या जागी इतकी हसली की उठेना. मग अक्का कठड्याशी जाऊन रस्त्याकडं ओरडायला लागली, "जेवायला या वो!" रस्ता मोकळा. शेवटी स्टेशनकडून येणारा एक रिक्षावाला थांबला, वर आला, जिन्याच्या पायरीवर लांब बसून पोटभर जेवला आणि म्हणाला की गच्चीवर शेत त्यानं पहिल्यांदाच पाहिलं. मी त्याला किडनी सांगितली. अक्काला बोट दाखवून सांगितली. त्यानं अक्काच्या पायाला हात लावला. त्या दिवशी मी जितका हसलो तितका कधी हसलो नाही, आधी नाही आणि नंतरही नाही.

संक्रांत झाल्यावर ताप आला. बारीक ताप, दुपारी चढणारा. बायकोनं थर्मामीटर माझ्या तोंडातून काढलाच नाही म्हटलं तरी चालेल. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप जाईना. मग खोकला. मग एक दिवस बेसिनमध्ये खोकलो तर लाल. बायकोनं ते पाहिलं आणि बॅग भरायला घेतली. अक्का आणि दाजी हिप्परग्याहून थेट गुलबर्ग्याच्या आळंद नाक्यावर आले आणि आमच्या गाडीत बसले.

हैदराबादच्या दवाखान्यात छातीचा स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात एक गोल डाग, भोवती धूसर कडा. नाकातून नळी घालून आतला नमुना काढला. नळी घालताना मी भौतिकशास्त्र आठवायचा प्रयत्न केला, पण त्या नळीपुढं न्यूटनसुद्धा टिकला नसता. मग डॉक्टर आले. तरुण, हैदराबादचे, अक्काशी दखनीतच बोलणारे, आणि त्यामुळं अक्काचे लाडके. म्हणाले, फुप्फुसात बुरशी आहे.

"बुरशी?" बायको म्हणाली. "लोणच्यावर येती ती?"

"तिची बहीण समजा." डॉक्टर म्हणाले. ही बुरशी हवेत सगळीकडं असते, तिचे बारीक कण आपण सगळेच रोज श्वासात घेतो. धडधाकट माणसाचं शरीर ते तिथंच निकालात काढतं. माझ्या शरीराला गोळ्यांनी झोपवलेलं, म्हणून ती आत रुजली आणि आता रक्तवाहिन्यांत घुसायला बघत होती. त्यांनी विचारलं, गेल्या काही आठवड्यांत कुठं जास्त धुळीत गेला होता का? बांधकाम? कबुतरं? कुजलेला पाला, जुना भुसा, गवत?

मला तत्क्षणी कळलं. गच्ची, ऊन, तो हिरवट धुरळा. मी पटकन म्हणालो, "नाही, काही नाही." अक्कासमोर खोटं बोललो आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

पण अक्का उठून उभी राहिली. "कडबा," ती म्हणाली. "म्याच आनला. म्याच झटकला. त्याच्या तोंडाम्होरं झटकला." एवढं बोलून ती परत बसली. हात मांडीवर, तळवे वर करून. त्या हातांकडं मला बघवेना.

डॉक्टर म्हणाले, असं खात्रीनं सांगता येत नाही, ती दवाखान्याच्या बाहेरच्या झाडाखालीही असू शकते. अक्कानं ते ऐकलं की नाही माहीत नाही. तिनं फक्त विचारलं, "आता किडनीचं काय?"

डॉक्टरांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले. "अम्मा, ऐसा समझो. घर में मेहमान आई. कुत्ता काटता करके बाँध के रखे. कुत्ता बँधा है करके चोर घुसा. अब कुत्ता छोड़े तो मेहमान को काटता. नै छोड़े तो चोर जाता नै."

इतकं स्वच्छ मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडलं नसतं. पाहुणी म्हणजे अक्काची किडनी. कुत्रं म्हणजे माझी प्रतिकारशक्ती. चोर म्हणजे बुरशी. डॉक्टर म्हणाले, "रस्सी थोड़ी ढीली करते. ऊपर से चोर को दवा देते. मेहमान पे नज़र रखते." म्हणजे गोळ्या कमी करणार, बुरशीचं औषध शिरेतून देणार, आणि किडनी टिकते की नाही ते रोज रक्त तपासून बघणार.

"और मेहमान गई तो?" अक्कानं विचारलं.

डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून मांडीवर ठेवला.

"गई तो जाने दो," अक्का म्हणाली. "मेरे पास और एक है ना."

भिंतीला टेकून उभे असलेले दाजी म्हणाले, "माझ्याबी दोन हाईत." दाजींनी त्या महिन्यात बोललेलं पहिलं वाक्य असावं. डॉक्टर हसायला लागले, बायको हसता हसता रडायला लागली, आणि मी दोन्ही एकदम करत खोकायला लागलो. डॉक्टर अक्काला म्हणाले, "दूसरी तुम्हारे वास्ते है, अम्मा."

तिथून पुढं आमच्या घरात किडनी, प्रतिकारशक्ती, क्रिएटिनिन असले शब्द बंदच झाले. सकाळी डॉक्टर आले की अक्का दारातून विचारायची, "कुत्रं कितपत सोडलंय?" बायको विचारायची, "पाहुणी बरी हाय का?" एका नव्या परिचारिकेनं हे ऐकलं आणि वाकून पलंगाखाली पाहिलं. दवाखान्यात कुत्रं आणायला परवानगी नाही, असं तिनं बायकोला बाजूला घेऊन सांगितलंसुद्धा.

बुरशीचं ते औषध वेगळंच निघालं. शिरेतून सुरू झालं की थोड्या वेळानं डोळ्यांपुढं रंग उजळायचे. डॉक्टर आधीच म्हणाले होते की असं होतं, घाबरू नका. घाबरतोय कोण! भिंतीचा मळका पांढरा रंग पिकलेल्या सीताफळासारखा दिसायला लागायचा. डॉक्टरांचा कोट पोपटी. छताच्या कडेनं तूर फुललेली, पिवळीधमक, वाऱ्यावर हलणारी. एकदा बायको सलाइनच्या बाटलीकडं बघत उभी होती आणि तिच्या चेहऱ्याभोवती सोनेरी कड आली. मी म्हणालो, "काय सुरेख दिसायलीस तू." इतक्या वर्षांच्या संसारात मी हे कधी म्हटलेलं नव्हतं. बायको दोन पावलं मागं सरली, माझ्या कपाळाला हात लावला आणि दारात जाऊन ओरडली, "सिस्टर, ह्यांला कायतरी चढलंय!"

पण मग एक दिवस रक्ताचा अहवाल आला. पाहुणीची तब्येत बिघडली होती. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि पहिल्यांदाच काही गमतीचं बोलले नाहीत. दोरी जास्तच ढिली झाली होती किंवा औषधानं त्रास दिला होता, ते त्यांनाही लगेच सांगता येईना. बायको नुसती पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत-काढत बसली. अक्का बाहेरच्या बाकावर गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बसली होती, दारातून मला तिचा फक्त खांदा दिसत होता.

मी घाबरलो. मरणाला घाबरलो नाही असं म्हणणार नाही, पण त्याहून जास्त दुसऱ्याच गोष्टीला घाबरलो. तिनं पोट फाडून दिलेली वस्तू मी मागून आणलेल्या छत्रीसारखी बसमध्ये विसरून येणार, आणि ती जन्मभर म्हणत राहणार की छत्री मीच मोडली. माझी किडनी गेली तर मला पुन्हा डायलिसिसच्या मशीनवर जाता येत होतं. अक्काला कुठं जाता येणार होतं? मी पांघरुणाखाली हात घालून उजव्या कुशीवर ठेवला आणि मनात म्हणालो, थांब गं बाई, थोडी कळ काढ.

पाहुणी थांबली. डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण बदललं, दोरी बोटभर आवळली, आणि पुढच्या अहवालांत ती हळूहळू सावरली. फुप्फुसातला डागही आकसू लागला. आम्हाला घरी पाठवलं तेव्हा बुरशीच्या गोळ्या कितीतरी महिने चालू ठेवायच्या होत्या, पण पाहुणी बसल्या जागी होती. डॉक्टरांनी अक्काचे दोन्ही हात धरून सांगितलं, "अम्मा, मेहमान खुश है."

अक्का हसली नाही.

त्यानंतर ती आमच्या घरात आली नाही. फाटकापर्यंत यायची. हुरडा आणायची नाही, भाजी आणायची नाही, शेतातलं काहीही नाही. दुकानातली बंद पाकिटं पिशवीत घालून फाटकाला अडकवायची, मला लांबून बघायची आणि निघायची. "आत ये की," म्हटलं तर म्हणायची, "बाहेरच बरी हाय मी. माझ्या केसात बी असंल ते." बायकोनं अंघोळीचं पाणी काढून ठेवलं, नवी साडी दाखवली, तरी नाही. जी बाई जाईल त्या वाटसरूला हाक मारून जेवायला घालायची, ती माझ्या दारात माझ्याशी परक्यासारखी वागत होती. पुढची येळवस जवळ आली तेव्हा दाजींच्या फोनवरून कळलं की तिनं गंज विकून टाकली, अगदी बुडखा उकरून, आणि यंदा शेतात कोप मांडायची नाही असं जाहीर केलं.

माझा मूळ स्वभाव तोवर परत आला होता. स्टेरॉइड कमी झालं होतं ना. मी तिला फोन लावला आणि ओरडलो, "किडनी दिलीस आन येळवस काढून घेतलीस व्हय? कुनी सांगितलं तुला?" तिनं फोन कापला. मी पुन्हा लावला. पुन्हा कापला. दिवसभर हेच चाललं, शेवटी बायकोनं फोन काढून घेतला.

आणि मग तीच, कबुतरांची वैरीण, म्हणाली, "आपन हितंच मांडू. पन माझ्या पद्धतीनं."

तिची पद्धत अशी. अक्काच्या दोन साड्या दवाखान्यातल्या दिवसांपासून आमच्याकडं राहिल्या होत्या. त्या आणि बायकोच्या स्वतःच्या तीन, अशा पाच साड्या तिनं बंबातल्या उकळत्या पाण्यात काढल्या, उन्हात कडक वाळवल्या आणि इस्त्री केल्या. पेंढ्यांच्या जागी पडद्यांच्या स्टीलच्या दांड्या. कोन मी काढून दिला, भौतिकशास्त्राचा घरात झालेला हा एकमेव उपयोग. आणि पांडव? शेजारच्या बांधकामाकडं तर ती मला बघूही देत नव्हती. तिनं जुन्या पाटा-वरवंट्याचे पाच तुकडे शोधले, ब्रशनं घासले आणि चक्क कुकरमध्ये घातले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारलं, "धर्मराजाला किती शिट्ट्या?" ती म्हणाली, "भीम शिजेपतूर." आम्ही दोघं ओट्याला धरून हसलो आणि कुकर शिट्ट्या मारत राहिला.

अक्काला आणायचं काम दाजींकडं होतं. त्यांनी तिला सांगितलं, गुलबर्ग्याला अडतीवर तुरीचा नमुना दाखवायचाय, चल. अमावस्येला अडत बंद असते हे दादला-बायकोत अक्काला जास्त ठाऊक. तरी ती टेम्पोत बसली. नमुना कुठं आहे, हेसुद्धा तिनं विचारलं नाही.

फाटकाशी येऊन ती थांबली, नेहमीच्या जागी. मी गच्चीवरून हाक मारली. ती मान वर करून बघत राहिली. कठड्यावरून तिच्याच साडीचा पदर दिसत होता, तो जांभळा, दवाखान्यात नेसलेला. मग तिनं चपला काढल्या, नळावर हातपाय धुतले, पुन्हा धुतले, आणि जिना चढून वर आली.

कोपीभोवती एक फेरी मारली. वाकून आत पांडव बघितले, एकाला बोट लावलं. दांडी हलवून बघितली. मग माझ्याकडं आली, आणि मला काही कळायच्या आत तिनं डाव्या हातानं माझं नाक-तोंड दाबून धरलं. मास्कच्या वरून, घट्ट. लहानपणी बाभळीच्या वनातून धुळीचं वादळ आलं की धरायची तसं. आणि उजव्या हातानं कोपीच्या साडीचा काठ पकडून जोरात झटकला.

काहीच उडालं नाही.

तिनं दुसऱ्या बाजूनं झटकला. पुन्हा एकदा. साडी फडफडली, उन्हात तिचा जांभळा रंग हलला, आणि खाली पडण्यासारखं काही नव्हतं. तिचा हात माझ्या तोंडावर तसाच होता. मला श्वास मिळत नव्हता तरी मी तो हात काढला नाही. शेवटी तिनंच काढला. माझ्या उजव्या कुशीवर तळवा ठेवला, जरा दाबला आणि विचारलं, "हिला जेवायला घातलंव का न्हाई अजून?"

"तुझ्यासाठी थांबलीय," मी म्हणालो.

"मंग वाढा की," अक्का म्हणाली. पदरानं डोळे पुसले, कठड्याशी गेली आणि मोकळ्या रस्त्याकडं बघून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "जेवायला या वो!"

रस्त्यावर माणूस नव्हता. एक कुत्रं तेवढं कोपऱ्यावर झोपलं होतं. त्यानं मान वर केली.

"त्यालाबी टाका गं एक उंडा," अक्का म्हणाली. "आपल्यातलंच हाय."